हातांच्या आठवणीतली रांगोळी

जवळा बाजार असो वा मराठवाड्यातील दुसरे एखादे गाव, तेथील स्त्रियांची चित्रशाळा अंगणातच भरत आली आहे. चैत्र शुद्ध तृतीयेपासून अक्षय्य तृतीयेपर्यंत चैत्रांगण, चातुर्मासात रोज 33 गोपद्मे, नागपंचमीला पाटावर गंधाचे नाग, महालक्ष्म्यांच्या आगमनाला उंबरठ्यापासून काढलेली पावले. ही चित्रे कोणी वहीत गिरवली नाहीत. सासूच्या चिमटीकडे पाहत सून शिकली.

पुढे गुडघे कुरकुरू लागतात आणि आपण काळजीपोटी म्हणतो, “आई, तुम्ही बसा. रांगोळीचे स्टिकर आणले आहे.” पडण्याची भीती रास्तच आहे. पण त्या एका वाक्याने आईंचे मानाचे काम हातून जाते.

वर्षानुवर्षे केलेल्या हालचालींची स्मृती नावे व तारखा यांच्या स्मृतीहून निराळी असते. विस्मरणाच्या आजारातही ती पुष्कळदा अधिक काळ टिकते. म्हणूनच नातवाचे नाव आठवताना अडखळणाऱ्या आजी ठिपके मात्र सहज जोडून जातात. याने आजार बरा होत नाही. पण ‘मला अजून येते’ हा विश्वास उरतो.

मिथिलेतील स्त्रियाही अशीच चित्रे भिंतींवर काढीत. 1966-67 च्या दुष्काळात चित्रकार भास्कर कुळकर्णी तेथे गेले आणि त्यांनी स्त्रियांच्या हाती कागद दिला. भिंत बदलली, कला टिकली. त्याच परंपरेतील गंगादेवींनी पुढे स्वतःच्या कर्करोगावरील उपचारांचे अनुभवही चित्रांत उतरवले.

आपल्या घरीही जमिनीऐवजी टेबल चालेल. हात टेकता येतील अशी भक्कम खुर्ची, काठ असलेले गडद रंगाचे ताट, भरपूर उजेड आणि डोळ्यांवर चष्मा एवढे पुरे. दम्याचा त्रास असल्यास कोरड्या पुडीऐवजी तांदळाचे पीठ पाण्यात कालवून द्यावे. बोटे आखडली असतील, तर जाड दांड्याचा कुंचला बरा. पंधरा-वीस मिनिटांनी विसावा घ्यावा. फरशीवर सांडलेली पूड लगेच पुसावी, कारण तिच्यावरून पाय घसरतो.

रेघ चुकली तरी दुरुस्त करू नये. उलट शेजारी बसून विचारावे, “आजी, हे काय काढले?” त्या सांगतील ते नाव नातीने वहीत लिहून ठेवावे. पुढच्या चैत्रात ती वही घरातच हवी.