बाळंतपणाला बोल कशाला?

घरात स्वमग्न मूल असले की पहिले बोट आईकडे. ग्रहणात भाजी चिरली, सिझर झाले, मागच्या जन्माचे पाप! १९५६ साली बाबासाहेबांनी दिलेल्या २२ प्रतिज्ञा भिंतीवर लावलेल्या घरांतही आम्ही हे ऐकले आहे.

अपुऱ्या दिवसांचे, फार कमी वजनाचे किंवा जन्मताना गुदमरलेले बाळ असेल तर स्वमग्नतेचा धोका वाढतो, हे खरे. पण अशी बहुतेक बाळे स्वमग्न होत नाहीत. आणि पूर्ण दिवसांची, धडधाकट जन्मलेली मुलेही स्वमग्न असतात. मोठा वाटा आनुवंशिकतेचा, तोही आईबाप दोघांकडून. सिझरचे म्हणाल तर संशोधकांनी २०१५ साली स्वीडनमधील सख्ख्या भावंडांची तुलना केली, तेव्हा सिझरवरचा आरोप टिकला नाही.

माता-भगिनींनो, बाळ वर्षाचे होऊनही हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचे होऊनही बोटाने वस्तू दाखवत नसेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका. सरकारी रुग्णालयात दाखवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नता आहे, दाखला मिळतो. जाताना बाळंतपणाचे कागद न्या. डॉक्टर त्याविषयी विचारतील, पण ते दोष देण्यासाठी नव्हे. आणि सोबत मुलाच्या बापानेही जावे.