चवदार तळ्याचं पाणी आणि फत्तेखानांची जागा

कापडेहून महाडला जायचं म्हणजे आधी पोलादपूर गाठायचं आणि तिथून मुंबई-गोवा महामार्गाला लागायचं. बाजार, दवाखाना, कॉलेज, लग्नाची खरेदी, काही ना काही निमित्ताने महाडची फेरी होतेच. अशा फेरीत चवदार तळ्याजवळून आपण कितीतरी वेळा गेलो असू. पण या तळ्याच्या इतिहासात एका मुसलमान माणसाच्या जागेचाही वाटा आहे, हे आपल्या घरातल्या किती मुलांना माहीत आहे?

दुसऱ्या देशांत काळा-गोरा हा भेद चालतो, आपल्याकडे तसलं काही नाही, असं आपण सहज बोलून जातो. आपल्याकडे रंगापेक्षा जात विचारली जाते, धर्म विचारला जातो. पण भेद ओळखायची खूण सगळीकडे सारखीच आहे. पाणी कोणाला मिळतं, जागा कोणाला मिळते आणि घर कोणाला मिळतं, एवढं बघितलं की त्या समाजाची तब्येत कळते.

१९२७ मध्ये काय झालं?

सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात ठराव मांडून मंजूर करून घेतला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळं खुलं केल्याचं जाहीरही केलं. पण ते कागदावरच राहिलं. तळ्यावर जायची कुणाची हिंमत होत नव्हती.

१९ आणि २० मार्च १९२७ ला महाडमध्ये कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. आपला रायगड जिल्हा तेव्हा कुलाबा म्हणून ओळखला जायचा. गावात तळं भरलेलं असताना परिषदेला आलेल्या लोकांसाठी ४० रुपयांचं पाणी विकत घ्यावं लागलं. २० मार्चला डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांसोबत तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. थोड्याच वेळात अफवा उठली की ही माणसं आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार आहेत. मग लाठ्या निघाल्या, परतीच्या वाटेला लागलेल्या लोकांना मारहाण झाली. त्या वेळी काही जणांनी मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला. पुढे तळ्यात पंचगव्याचे १०८ घडे ओतून ते ‘शुद्ध’ केल्याचं सांगण्यात आलं. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला.

डिसेंबरमध्ये दुसरी परिषद ठरली. मंडप घालायला कोणी सवर्ण जागा देईना. तेव्हा फत्तेखान यांनी आपली जागा दिली. त्या मंडपात २५ डिसेंबर १९२७ ला मनुस्मृतीचं दहन झालं. दहनाचा ठराव मांडणारे गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे जन्माने ब्राह्मण होते. नगरपालिकेचे सुरेंद्रनाथ टिपणीस कायस्थ होते, तेही आंबेडकरांच्या बाजूने उभे राहिले. म्हणजे ही लढाई एका जातीची दुसऱ्या जातीशी नव्हती. माणसाला पाणी मिळावं असं मानणारे एकीकडे होते आणि मिळू नये असं मानणारे दुसरीकडे.

यातली एक बाब आपण विसरू नये. चवदार तळ्याचं पाणी मुसलमानांना बंद नव्हतं. बंदी फक्त अस्पृश्यांना होती. फत्तेखानांचं स्वतःचं काही अडलेलं नव्हतं. तरी त्यांनी जागा दिली आणि गावातल्या वजनदार लोकांची नाराजी ओढवून घेतली. स्वतःवर अन्याय झाल्यावर बोलणं वेगळं, आणि आपल्याला पाणी मिळत असताना दुसऱ्यासाठी उभं राहणं वेगळं.

दुसरी बाजूही सांगायला हवी

एवढंच सांगून थांबलो तर ती फुशारकी होईल. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसोबत वेरूळला निघाले होते. वाटेत दौलताबादचा किल्ला बघायला थांबले. धुळीने माखलेली माणसं, दरवाजाजवळच्या हौदावर त्यांनी हातपाय धुतले. तेव्हा एक वयस्कर मुसलमान, यांनी हौद बाटवला म्हणून ओरडत आला. पाठोपाठ गर्दी जमली, शिवीगाळ झाली. महिना रमजानचा होता. शेवटी पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर, सोबत हत्यारबंद शिपाई देऊन, त्यांना किल्ला दाखवला गेला. आंबेडकरांनी हा प्रसंग ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत स्वतः लिहून ठेवला आहे.

महाड आणि दौलताबाद, मध्ये फक्त ७ वर्षांचं अंतर. अरबाला अजमवर आणि गोऱ्याला काळ्यावर वरचढपणा नाही, हे आखरी खुतब्यातलं सांगणं दोन्हीकडच्या मुसलमानांनी ऐकलेलं होतं. एकाने ते अमलात आणलं, दुसऱ्याने शेजाऱ्यांची रूढी उचलली. आपण कोणत्या धर्माचे आहोत यावरून आपण कसे वागू हे आपोआप ठरत नाही. ते त्या वेळी ठरवावं लागतं.

कायद्यात काय आलं?

तळ्याचा खटला १० वर्षं चालला. १७ मार्च १९३७ ला मुंबई उच्च न्यायालयाने आंबेडकरांच्या बाजूने निकाल दिला. अस्पृश्यांना बंदी घालणारी रूढी पुरातन आहे, हे विरोधकांना सिद्ध करता आलं नाही.

पुढे संविधानाच्या कलम १५ मध्ये दुकानं, हॉटेलं, विहिरी, तळी, स्नानाचे घाट आणि रस्ते यांची नावं घेऊन लिहिलं गेलं की धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान एवढ्याच कारणावरून कुणाला अडवता येणार नाही. कलम १७ ने अस्पृश्यता रद्द केली. कलम २९ आणि ३० ने भाषा, लिपी, संस्कृती आणि अल्पसंख्याकांच्या शाळा यांना संरक्षण दिलं. घरी कोकणी बोली, शाळेत मराठी किंवा उर्दू, मदरशात अरबी, हे आपलं रोजचं जगणं याच कलमांच्या सावलीत चालतं.

पण त्या यादीत भाड्याचं घर नाही. महाड-पोलादपूरची पोरं नोकरीसाठी मुंबई-पनवेलकडे जातात, खोली शोधतात आणि नाव ऐकल्यावर ‘खोली गेली’ असं उत्तर येतं, ते याच फटीतून. मुसलमानांना घर मिळताना येणाऱ्या अडचणी सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालातही नोंदल्या आहेत. २००५ मध्ये अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व एका समाजापुरतं ठेवणारा नियम सर्वोच्च न्यायालयाने वैध धरला.

वेगळं राहणं सक्तीचं झालं की काय होतं, हे आपल्याच कोकणी लोकांनी केप टाउनमध्ये बघितलं आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून रत्नागिरी-कुलाब्यातले कोकणी मुसलमान तिथे गेले. १९५० च्या ग्रुप एरियाज कायद्याने वंशावरून वस्त्या वाटल्या. ११ फेब्रुवारी १९६६ ला डिस्ट्रिक्ट सिक्स हा मिश्र भाग फक्त गोऱ्यांसाठी जाहीर झाला आणि ६० हजारांहून जास्त लोक तिथून उठवले गेले. भारतीयांना रायलँड्ससारख्या ठरवून दिलेल्या वस्त्यांत राहावं लागलं. तो कायदा १९९१ मध्ये गेला, पण तुटलेले शेजार परत जुळले नाहीत.

आपल्या हातात काय आहे?

पहिली गोष्ट, आपली खोली भाड्याने देताना आपण काय विचारतो ते आठवून बघा. बौद्ध किंवा आदिवासी कुटुंब आलं तर आपलं उत्तर काय असतं? मुलीचं स्थळ बघताना बिरादरी किती खोल जाऊन विचारतो? जी वागणूक आपल्याला पनवेलमध्ये टोचते, ती आपल्या ओटीवर कुणाला मिळू नये.

दुसरी गोष्ट, पंचांनी आपल्याच समाजातल्या घराला वाळीत टाकणं हा महाराष्ट्रात गुन्हा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा जुलै २०१७ पासून लागू आहे. ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. रायगडमध्ये वाळीत टाकल्याच्या तक्रारी बऱ्याच झाल्या होत्या, म्हणून आपल्याला हे माहीत असलेलं बरं. हा कायदा कुठल्याही धर्माच्या समाजाला लागू आहे, आपल्या जमातीलाही.

तिसरी गोष्ट सोपी आहे. २० मार्च आणि २५ डिसेंबरला महाडला राज्यभरातून माणसं येतात. पुढच्या वेळी मुलांना घेऊन जा. तळं दाखवा, क्रांतिस्तंभ दाखवा आणि फत्तेखानांचं नाव सांगा. दौलताबादची गोष्टही त्याच दिवशी सांगा. दोन्ही ऐकून पोरगं विचारेल, ‘अब्बा, आपण असतो तर काय केलं असतं?’ त्याचं उत्तर आपल्या घराच्या दारात उभं राहून द्यावं लागेल.