पॉवर डिकीचे स्ट्रट घरी बदलायचेत? त्याआधी दरवाजाला टेकू द्या

बटण दाबलं की एसयूव्हीची डिकी आपोआप उघडते, पुन्हा दाबलं की बंद होते. सुरुवातीला याचं भारी कौतुक वाटतं. मग चार-पाच वर्षांनी एक दिवस डिकी अर्ध्यातच अडते. कधी पूर्ण उघडते, पण हळूहळू खाली सरकायला लागते. सर्व्हिस सेंटरला विचारलं की उत्तर येतं, "स्ट्रट गेलेत, जोडी बदलावी लागेल." बिलाचा आकडा ऐकून मालक इंटरनेटवर व्हिडिओ शोधू लागतो. व्हिडिओत तर हे काम अर्ध्या तासाचं दिसतं.

काम खरंच फार अवघड नाही. पण व्हिडिओत एक गोष्ट घाईघाईत उरकली जाते. ज्या दोन दांड्या तुम्ही काढणार आहात, त्यांनीच तो जड दरवाजा तुमच्या डोक्यावर धरून ठेवलेला असतो.

स्ट्रट म्हणजे नेमकं काय?

डिकी उघडल्यावर दोन्ही बाजूंना ज्या काळ्या दांड्या दिसतात, ते स्ट्रट. गॅरेजमध्ये त्यांना सरळ 'डिकीचे शॉक' म्हणतात. साध्या गाडीत हे गॅस स्ट्रट असतात. बंद नळीत प्रचंड दाबाचा नायट्रोजन आणि थोडं तेल भरलेलं असतं. गॅस दांडीला बाहेर ढकलतो, दांडी दरवाजाला वर ढकलते.

हा दाब किती असतो? समजा दांडी १० मिलिमीटर जाडीची आहे आणि तिचा जोर ५०० न्यूटन, म्हणजे सुमारे ५० किलोचा आहे. मग आतला दाब ६० बारच्या वर जातो. तुमच्या टायरमधल्या हवेच्या हा पंचवीस पटींहून जास्त झाला.

आता ३० किलोच्या दरवाजाला ५०-५० किलोचे दोन स्ट्रट कशाला, असं वाटेल. कारण स्ट्रट बिजागरीच्या जवळ बसवलेले असतात आणि दरवाजाचं वजन बिजागरीपासून लांब असतं. दाराला कडीजवळ ढकललं तर ते सहज हलतं, बिजागरीजवळ ढकललं तर जोर लावावा लागतो. इथेही तेच गणित आहे.

पॉवर डिकीत यापुढची पायरी असते. बऱ्याच नव्या गाड्यांत दांडीच्या आतच छोटी मोटर, गिअर, लांब स्क्रू आणि दणकट स्प्रिंग असते. मोटर स्क्रू फिरवते, तशी दांडी लांब किंवा आखूड होते. आतला सेन्सर दरवाजा कुठवर आला ते कंट्रोल युनिटला कळवत राहतो. काही गाड्यांत दोन्ही बाजूंना मोटरचे स्ट्रट असतात, काहींत एका बाजूला मोटर आणि दुसऱ्या बाजूला साधा स्ट्रट. काही डिझाइनमध्ये तर मोटर छताजवळ वेगळी बसवलेली असते.

भारतात टोयोटा फॉर्च्युनर, इनोव्हा हायक्रॉस, एमजी हेक्टर, टाटा हॅरिअर, सफारी यांच्या वरच्या व्हेरिअंटमध्ये पॉवर डिकी मिळते. गाडी कोणतीही असो, आपल्या गाडीत यापैकी कोणता प्रकार आहे हे आधी बघायचं.

धोका किती खरा आहे?

जुलै २०१५ मध्ये जनरल मोटर्सने अमेरिकेत जीएमसी अकेडिया, ब्यूक एन्क्लेव्ह, शेवरले ट्रॅव्हर्स आणि सॅटर्न आउटलूक या गाड्या परत बोलावल्या. अमेरिकेबाहेरच्या धरून आकडा ७ लाख ८० हजारांच्या घरात होता. पॉवर डिकीच्या गॅस स्ट्रटच्या सीलमध्ये धूळ शिरून दाब कमी होत होता आणि उघडी डिकी अचानक खाली येत होती. तोवर ५६ जणांना इजा झाल्याची नोंद होती. उपाय म्हणून कंपनीने मोटरच्या कंट्रोल युनिटचं सॉफ्टवेअर बदलून दिलं.

म्हणजे स्ट्रट जागेवर असतानाही दरवाजा लोकांवर पडला होता. इथे तर आपण स्ट्रटच काढणार आहोत.

आधी खात्री करा, स्ट्रटच गेलाय का?

पॉवर डिकी रुसली की दोष दर वेळी स्ट्रटचा नसतो. गाडीची १२ व्होल्टची बॅटरी कमजोर झाली तरी डिकी अर्ध्यात थांबते. फ्यूज उडालेला असू शकतो. छतातून दरवाजात जाणाऱ्या रबरी नळीतल्या वायरी वारंवार वाकून तुटतात. लॉकमध्येही बिघाड असू शकतो.

स्ट्रटचा दोष असेल तर सहसा ही लक्षणं दिसतात:

- उघडलेली डिकी स्वतःच्या वजनाने खाली सरकते
- दांडीवर तेलाचा ओशटपणा दिसतो
- उघडताना घरघर किंवा कटकट असा आवाज येतो
- एक बाजू पुढे, दुसरी मागे, असा दरवाजा तिरका चालतो

हवामानाचाही परिणाम होतो. तापमान ४० अंशांवरून १० अंशांवर आलं की गॅसचा जोर साधारण दहा टक्क्यांनी घटतो. त्यामुळे फक्त थंडीच्या पहाटे डिकी आळस करत असेल, तर लगेच नवे स्ट्रट मागवू नका. आणि गाडी वॉरंटीत असेल तर स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवून सर्व्हिस सेंटर गाठा.

काम कसं करायचं?

१. पार्ट नंबर जुळवा. स्ट्रटवर नंबर छापलेला असतो. डावा-उजवा वेगळा असू शकतो. साध्या स्ट्रटवर न्यूटनमध्ये जोर लिहिलेला असतो, तोही जुळला पाहिजे. शक्यतो जोडीच बदला. एक नवा आणि एक दमलेला असेल तर दरवाजा पिळला जातो.

२. सपाट जागा, दुसरा माणूस. गाडी सपाट जमिनीवर लावा, हँडब्रेक ओढा, डिकी पूर्ण उघडा. हे काम एकट्याने करू नका.

३. टेकू द्या. मजबूत लाकडी वासा योग्य लांबीचा कापा, टोकाला जाड कापड गुंडाळा आणि दरवाजाच्या लॉककडच्या कडेजवळ लावा. वासा घसरणार नाही याची खात्री करा. सोबतच्या माणसाने दरवाजा धरून ठेवायचा. झाडूचा दांडा हा टेकू नव्हे.

४. बॅटरी काढा. बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा आणि काही मिनिटं थांबा. यामागे दोन कारणं आहेत. कोणी चुकून बटण दाबलं तर मोटर सुरू व्हायला नको. आणि बऱ्याच एसयूव्हींत मागच्या खांबाच्या प्लास्टिक कव्हरमागे कर्टन एअरबॅग असते. तिथे पिवळा कनेक्टर दिसला तर त्याला हात लावू नका.

५. वायर सोडवा. मोटरच्या स्ट्रटची वायर कव्हरमागे जाते. कव्हर प्लास्टिकच्या पट्टीने हलके उचला, कनेक्टरची खटकी दाबून तो वेगळा करा. वायर ओढू नका. बाहेर काढण्याआधी तिच्या टोकाला दोरा बांधा. जुनी वायर बाहेर आली की दोरा आत राहतो आणि त्याच वाटेने नवी वायर ओढून घेता येते.

६. एका वेळी एकच बाजू. स्ट्रटची दोन्ही टोकं गोल बोल्टवर खटक्याने बसलेली असतात. छोट्या स्क्रू ड्रायव्हरने पत्र्याची क्लिप थोडी उचलली की टोक निघतं. काही गाड्यांत इथे स्क्रू असतात. नवा स्ट्रट जुना जसा होता त्याच दिशेने बसवा, 'खट' आवाज येईपर्यंत दाबा आणि ओढून बघा. मगच दुसऱ्या बाजूला वळा. नवा स्ट्रट हाताने दाबून आखूड करायला जाऊ नका. लांबी जुळत नसेल तर टेकू धरून दरवाजा थोडा वर-खाली करा.

शेवटची पायरी विसरू नका

नवे स्ट्रट बसले म्हणजे काम संपलं असं नाही. बॅटरी काढल्यावर दरवाजा कुठे आहे हे बऱ्याच गाड्यांचं कंट्रोल युनिट विसरतं. साधारणपणे डिकी हाताने पूर्ण बंद करायची आणि मग बटणाने एकदा उघडून बंद करायची असते. प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी आहे, ती ओनर्स मॅन्युअलमध्ये दिलेली असते. काही गाड्यांना मात्र स्कॅनरच लागतो. तसं असेल तर तेवढ्यापुरतं सर्व्हिस सेंटरला जावं लागेल.

त्यानंतर अडथळा ओळखण्याची चाचणी घ्या. बंद होणाऱ्या डिकीखाली गुंडाळलेला टॉवेल धरा. दरवाजा अडला की थांबून परत वर गेला पाहिजे. ही चाचणी स्वतःच्या हाताने करू नका. डिकी परत फिरत नसेल तर दुरुस्त होईपर्यंत ती हातानेच उघडा, बंद करा आणि लहान मुलांना लांब ठेवा.

जुन्या स्ट्रटचं काय करायचं?

दमलेल्या गॅस स्ट्रटमध्येही दाब शिल्लक असतो आणि मोटरच्या स्ट्रटमध्ये आवळलेली स्प्रिंग असते. आत काय आहे ते बघायला म्हणून तो कापू नका, भोक पाडू नका, आगीत टाकू नका. सर्व्हिस सेंटरमध्ये जमा करा किंवा भंगारवाल्याला देताना आत दाब आहे हे स्पष्ट सांगा.

घरी काम केलं तर मजुरीचे पैसे वाचतात हे खरं आहे. पण भक्कम टेकू, सोबतीला माणूस आणि मोकळा वेळ यातलं एक जरी नसेल, तर तेवढी मजुरी देऊन टाकलेली बरी.