जंत पोटात, जाग विषाणूला

पांढरकवड्याच्या शाळांत मिळणारी जंतनाशक गोळी जंतांसाठी. मग तिचा विषाणूंशी काय संबंध? जंतांशी झुंजताना शरीर वेगळे रासायनिक निरोप धाडते आणि विषाणूंवरचा पहारा ढिला पडू शकतो. रानडुकरांमागे धावलेल्या जागल्याला शेताची दुसरी कड दिसत नाही, तसे. २०१४ साली उंदरांत दिसले, की जंतांमुळे हर्पिस कुळातला सुप्त विषाणू पुन्हा जागा होतो.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच. पण माणसांत कुपोषण, वय, पाणी सारे गुंतलेले. उंदरांत बाकी सारे सारखे ठेवून जंत तेवढा बदलता येतो. गंमत अशी, की २०१७च्या प्रयोगात आतड्यातल्या जंतांनीच उंदरांची फुप्फुसे आरएसव्ही विषाणूपासून सावरली. तेव्हा गोळीचे समर्थन रक्तक्षय आणि कुपोषणावरच करावे. विषाणूंचा मुद्दा तूर्त त्यात ओढू नये.