केशिराजबासांस मिळालेलें उत्तर

बीड जिल्ह्यांत गेवराई तालुक्यांत गोदातीरीं पांचाळेश्वर आहे. महानुभाव त्यास आत्मतीर्थ म्हणतात. या पंथाच्या पोथ्या जमविणारांनीं ‘स्मृतिस्थळां’तील एक प्रसंग ध्यानांत ठेवावा. पंडित केशिराजबासांनीं आचार्य नागदेवांस संस्कृतांत प्रश्न केला. आचार्य उत्तरले कीं, चक्रधरांनीं आम्हांस मराठींत उपदेशिलें, तींतच पुसा. पुढें केशिराजबास संस्कृतांत ग्रंथ रचूं पाहत असतां, अशानें आमच्या म्हाताऱ्या वंचित होतील, असें म्हणून आचार्यांनीं त्यांस निवारिलें.

संस्कृत शिकविण्यांत आयुष्य वेंचलेल्या आम्हांस हें बोचतें, तथापि तें यथार्थच होय. पंडिताची भाषा त्याचें कुल व वर्ण प्रश्नाआधींच सांगून टाकते. आणि या पंथांत तर स्त्रीशूद्रांसही दीक्षा होती. केशिराजबासांस हें पटलें, याची साक्ष त्यांचा मराठी ‘दृष्टांतपाठ’ होय. त्यांत सूत्रामागोमाग घरगुती दृष्टांत येतो. पंडिती वादाचा मागमूस नाहीं.

विलक्षण हें कीं, म्हाताऱ्यांसाठीं राखलेली हीच मराठी पुढें सकळ लिपींत झांकली गेली, आणि राजवाड्यांनीं ती लिपी उलगडीपर्यंत पंथाबाहेरच्या संशोधकांस अगम्यच राहिली.