प्रेमकथेचं बाड पाठवण्याआधी

सुरू करण्याआधीच एका मुलीची चिठ्ठी हातात आली. "सर, प्रेमाची कादंबरी लिहून झाली. प्रकाशक पैसे भरा म्हणतात. भरू का?" उत्तर देऊच, पण आधी कादंबरीबद्दल बोलू.

प्रेमकथा म्हटलं की ज्यांना हसू येतं, त्यांनी लक्षात घ्यावं की ना. सी. फडके आमच्यासारखेच तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवता शिकवता त्यांनी प्रेमाच्या कादंबऱ्यांचा रतीब घातला आणि 'प्रतिभासाधन' लिहून या कलेचं तंत्रही मांडलं.

आमच्याकडे मुलं बाडं आणून देतात. बहुतेकांत दोघांच्या मध्ये गैरसमज असतो. फोन उचलला नाही, चिठ्ठी भलत्याच्या हाती पडली. पाच मिनिटं बोलून मिटेल अशा भांडणावर दोनशे पानं कशी उभी राहणार? विश्राम बेडेकरांचं 'रणांगण' (१९३९) पाहा. हिटलरच्या जर्मनीतून निघालेली ज्यू हॅर्टा आणि चक्रधर एका जहाजावर भेटतात. मुंबई आली की तो उतरणार, तिला पुढे जावं लागणार. इथे गैरसमज कुठलाच नाही, दिवस तेवढे मोजके आहेत.

वरणगावात असे अडथळे कमी आहेत का? मुलगी फॅक्टरीच्या वसाहतीतली, मुलगा केळीच्या बागेत मजुरी करणाऱ्याचा, जात वेगळी. आपण घर सोडलं तर धाकटीचं लग्न अडेल हे तिला माहीत आहे. हे सगळं समजून ती 'हो' म्हणाली, तर वाचक पुस्तक खाली ठेवणार नाही. पण तिला 'नाही' म्हणायची मोकळीक हवी. पाठलाग करकरून मिळवलेल्या होकाराला आम्ही प्रेम म्हणत नाही, सिनेमे काही का दाखवेनात.

भाषेचंही तसंच. आपल्याकडची मुलगी आईशी लेवा बोलीत बोलते आणि कॉलेजातल्या मुलाशी पुस्तकी मराठीत. ज्या दिवशी ती त्याच्याशी नकळत घरच्या बोलीत बोलते, तो तुमचा प्रेमप्रसंग! तिथे चंद्र आणायची गरज नाही.

आता पाठवणं. बाड पूर्ण करूनच पाठवा, टाइप करून, पानांना आकडे घालून. सोबत एका पानात कथानक लिहा, शेवटासकट. शेवट लपवून प्रकाशकाची उत्सुकता वाढत नाही, तो वैतागतो. तो कसली पुस्तकं काढतो हे आधी ग्रंथालयात जाऊन बघा. एक प्रत घरी ठेवा.

आणि करार. आमच्या एका विद्यार्थिनीनं बांगड्या मोडून एका प्रकाशकाकडे पैसे भरले. प्रती आल्या त्या पलंगाखाली राहिल्या. पुढे एका मासिकानं तीच कादंबरी क्रमशः मागितली, तेव्हा कळलं की सगळे हक्क तिनं कायमचे लिहून दिलेत. त्या करारावर साक्षीदार म्हणून सही आमची होती. डॉक्टरेट मिळवलेल्या माणसानं ती चार पानं वाचली नव्हती!

नंतर आम्ही १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचला. हक्क लेखी आणि सहीनिशीच देता येतात. किती काळासाठी हे करारात लिहिलं नसेल, तर पाच वर्षं धरतात; प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरते. पण 'कायमचे' या शब्दाखाली सही केलीत की ती पाच वर्षांची सोय गेली. म्हणून मुदत लिहून घ्या, आणि चित्रपटाचे, ध्वनिपुस्तकाचे हक्क वेगळे ठेवा. चंद्रकांत काकोडकरांच्या 'नीलांबरी'वरून 'दो रास्ते' हा हिंदी चित्रपट निघाला. तुमच्या कादंबरीचं काय होईल, आज कोणी सांगावं?

तर चिठ्ठीवाल्या मुली, पैसे भरून छापणं हे काही पाप नाही. पण कागद, छपाई, बांधणी सगळा खर्च तुझा असेल, तर पुस्तक आणि हक्क दोन्ही तुझेच राहिले पाहिजेत. तो हे लिहून द्यायला तयार नसेल तर भरू नकोस. करार पिशवीत असेल तर कार्यक्रम संपल्यावर दाखव. या वेळी आम्ही चष्मा आणलाय.