आप्रवासन-धोरण व नवोद्योग, अमेरिकेतील
परदेशांतून शिक्षणासाठी वा नोकरीसाठी आलेल्या शास्त्रज्ञ-अभियंत्यांच्या वास्तव्याचे नियमन करणारे कायदे आणि अशा व्यक्तींनी काढलेल्या नव्या उद्योगसंस्थांतून होणारी रोजगारनिर्मिती, यांचा परस्परसंबंध. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तो विशेष ठळकपणे दिसतो.

१९२४ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटा ठरवून आशियाई लोकांना जवळजवळ पूर्ण मज्जाव केला होता. १९४६ मध्ये भारतीयांना प्रवेश खुला झाला, तो वर्षाला अवघ्या १०० जागांपुरता. १९६५ च्या हार्ट-सेलर कायद्याने राष्ट्रवार कोट्याची पद्धत रद्द केली. या कायद्याचा मुख्य भर कुटुंबीयांच्या एकत्रीकरणावर होता, व्यावसायिकांचा वाटा लहानच होता. तथापि भारत, तैवान इ. देशांतील पदवीधरांना वाट मिळाली ती त्यातूनच. कॅलिफोर्नियात १९८२ मध्ये निघालेल्या सन मायक्रोसिस्टिम्सच्या संस्थापकांत पुण्यात जन्मलेले विनोद खोसला आणि जर्मनीहून आलेले आंद्रेआस बेख्टोल्सहाइम हे होते. ॲनाली सॅक्सेनियन यांच्या १९९९ च्या पाहणीनुसार १९८०–९८ या काळात सिलिकॉन व्हॅलीत स्थापन झालेल्या तंत्रविद्या-उद्योगांपैकी सु. २४ टक्के उद्योगांची सूत्रे चिनी वा भारतीय वंशाच्या व्यक्तींकडे होती.

रोजगाराच्या दृष्टीने या उद्योगांचे महत्त्व त्यांच्या वयात आहे. लहान उद्योग अधिक रोजगार देतात, असा समज दीर्घकाळ रूढ होता. जॉन हॉल्टिवांगर व त्यांचे सहकारी यांनी २०१३ मध्ये दाखवून दिले, की उद्योगाचे वय लक्षात घेतल्यास आकारमानाचा प्रभाव जवळजवळ नाहीसा होतो. निव्वळ रोजगारवाढ मुख्यतः नव्या व तरुण उद्योगांतून होते. त्यांपैकी बहुतेक काही वर्षांतच बंद पडतात आणि मोजकेच झपाट्याने वाढतात. म्हणून आप्रवासींच्या यशस्वी उद्योगांची नामावळी हा पुरावा नव्हे. पियर आझुले प्रभृतींनी २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास अधिक भक्कम आहे : देशात जन्मलेल्यांच्या तुलनेत आप्रवासी उद्योग काढण्याचे प्रमाण त्यात सु. ८० टक्क्यांनी अधिक आढळले आणि लहानमोठ्या सर्व आकारांच्या उद्योगांत हा फरक दिसून आला.

१९९० च्या कायद्याने एच-१बी हा तात्पुरत्या नोकरीचा परवाना निर्माण करून त्याची वार्षिक मर्यादा ६५,००० ठेवली. २००१–०३ मध्ये ती १,९५,००० होती, पुढे पुन्हा ६५,००० झाली व अमेरिकन विद्यापीठांतील उच्च पदवीधरांसाठी २०,००० ची भर पडली. नोकरीवर आधारित कायम वास्तव्याचे परवाने वर्षाला सु. १,४०,००० असून त्यांत पत्नी-मुलेही मोजली जातात. कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा साधारणतः मिळत नसल्याने भारतीय अर्जदारांची प्रतीक्षा दशकांवर गेली आहे. या काळात परवाना मालकाच्या अर्जाशी बांधलेला असतो. परिणामी ज्याच्याजवळ कल्पना व कौशल्य आहे, त्याला नोकरी सोडून स्वतःचा उद्योग काढणे दुष्कर होते. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याची सोय मात्र याच कायद्याने केली : १० लाख डॉलर (मागास भागांत ५ लाख) गुंतवून १० जणांना काम देणाऱ्यास कायम वास्तव्य मिळू लागले. ही विसंगती या व्यवस्थेचा सर्वांत मोठा दोष म्हणावा लागेल.

संस्थापकांसाठी स्वतंत्र परवान्याची तरतूद सुचविणारी विधेयके २०१० नंतर वारंवार मांडली गेली, पण संमत झाली नाहीत. सीनेटने २७ जून २०१३ रोजी ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर केलेले व्यापक विधेयक प्रतिनिधिगृहाने विचारातच घेतले नाही. विरोधकांचे आक्षेप सर्वस्वी निराधार नाहीत. एच-१बीचा मोठा वाटा नवोद्योगांकडे न जाता बाह्य सेवा पुरविणाऱ्या कंपन्यांकडे गेला. परवान्यांच्या सोडतीवर आधारलेल्या एका अभ्यासात, अधिक परवाने मिळालेल्या कंपन्यांतील एकूण रोजगार फारसा वाढल्याचे दिसले नाही. दुसऱ्या अभ्यासात मात्र सोडतीत यशस्वी ठरलेल्या नवोद्योगांना साहस-भांडवल मिळण्याची शक्यता अधिक आढळली. सप्टेंबर २०२५ मध्ये देशाबाहेरील व्यक्तींसाठीच्या नव्या अर्जांवर १ लाख डॉलर आकारण्याचा आदेश निघाला. प्रस्थापित कंपन्यांपेक्षा नवोद्योगांना हा भार अर्थातच अधिक जड आहे.

नाकारलेली वा परतलेली गुणवत्ता अन्यत्र रोजगार निर्माण करते. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून तेथे काही काळ नोकरी केलेले आनंद देशपांडे यांनी १९९० मध्ये पुण्यात पर्सिस्टंट सिस्टिम्स स्थापन केली. ते स्वेच्छेने परतले होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे पदवीधर कुणाल बहल यांना मात्र परवाना न मिळाल्याने परतावे लागले आणि २०१० मध्ये त्यांनी दिल्लीत स्नॅपडील ही कंपनी सहसंस्थापक म्हणून सुरू केली.